संगणक, इंटरनेट आणि मराठी संहिता

१

साहित्यकृतीविषयी केलेले कोणतेही विधान अखेर एका संहितेवर उभे असते. समीक्षक कवीच्या शब्दयोजनेची चिकित्सा करतो, भाषांतरकार एखाद्या शब्दापाशी दीर्घकाळ अडून राहतो, भाषेचा अभ्यासक एखाद्या प्रत्ययावरून कृतीचा काळ ठरवू पाहतो. आणि समोरच्या पानावरील शब्द लेखकाचाच आहे, असे हे सर्वजण गृहीत धरून चालतात. हे गृहीत खरे ठरावे म्हणून कोणी लेखनिकाने, संपादकाने किंवा मुद्रितशोधकाने पूर्वी कष्ट उपसलेले असतात. ते कष्ट यशस्वी झाले असतील तर वाचकाला त्यांची जाणीवही होत नाही.

संगणक आणि इंटरनेट यांच्या फायद्यातोट्यांची चर्चा बहुधा वेग, सोय, करमणूक आणि व्यसन या चार शब्दांभोवती फिरते. ती चर्चा निरर्थक नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मूळ प्रश्न निराळा आहे. या साधनांनी संहिता सुलभ झाली याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ती अधिक विश्वसनीय झाली काय, हा खरा प्रश्न होय. मराठीच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करता जे निष्पन्न होते, ते थोड्याफार फरकाने इतर भारतीय भाषांनाही लागू पडण्यासारखे आहे; कारण लिपी, प्रत्यय, शुद्धलेखन आणि प्राचीन वाङ्मयाची पाठपरंपरा या बाबतींत या भाषांच्या अडचणी बऱ्याच अंशी समान आहेत.

२

साधन बदलले की संहितेचे काय होते, हे मराठीने पूर्वीही अनुभवले आहे. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात तिच्यात इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांना अनेक प्रती जमवून तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या तीत मिसळू नयेत असे बजावावे लागले. तरीही प्रश्न मिटला नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व मानलेल्या एका प्रतीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा 'मूळ' ज्ञानेश्वरी कोणती, हा वाद नव्याने उभा राहिला.

छपाईने या अवस्थेत मोठी सुधारणा केली. एकदा जुळविलेले पान शेकडो वाचकांच्या हाती एकाच रूपात पडू लागले. चूक राहिली तर ती सर्वत्र एकच राहिली आणि दाखवून देता आली. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये छापले गेले, तेव्हापासून जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातील सुबक खिळ्यांपर्यंत मराठी मुद्रणाने जी मजल मारली, तिच्यामागे मजकूर तपासणाऱ्या शास्त्री-पंडितांची एक मोठी फळी होती.

पण छपाईने काही हिरावूनही घेतले. खिळ्यांसाठी बाळबोध लिपी सोयीची ठरली आणि मोडी हळूहळू मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ती शाळांतूनही गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आज मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत; मराठ्यांचा इतिहास त्यांत बांधून ठेवलेला आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा मराठी; आणि तरीही सुशिक्षित मराठी माणसाला त्यातले अक्षर लागत नाही. वस्तू टिकणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मोडीचा धडा संगणकाचा विचार करताना विसरून चालणार नाही.

३

संगणक अक्षर जाणत नाही, तो अंक जाणतो. कोणत्या अक्षरासाठी कोणता अंक, हे माणसांनी आपसांत ठरवावे लागते. १९६३ मध्ये अमेरिकेत जो संकेत प्रसिद्ध झाला त्यात एकंदर १२८ स्थाने होती आणि ती रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे व यंत्राच्या आज्ञा यांच्यासाठी होती. भारतीय लिपींसाठी भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये जो संकेत स्वीकारला गेला, त्याची कल्पना मोठी मार्मिक होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णमाला मुळात एकच आहे हे ओळखून त्याने देवनागरी, बंगाली, तमिळ, तेलुगू इत्यादी लिपींतील समान वर्णांना समान स्थान दिले. व्याकरणकारांनी शतकानुशतके जे सांगितले होते, ते येथे यंत्राच्या व्यवहारात उतरले.

परंतु छापखाने आणि कचेऱ्या यांचा व्यवहार बहुतांशी दुसऱ्याच वाटेने गेला. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीची आकृती काढून ठेवायची, ही ती सोपी युक्ती. पडद्यावर आणि कागदावर 'क' दिसे. यंत्राच्या लेखी मात्र तेथे कोणते तरी रोमन अक्षर किंवा चिन्हच असे. प्रत्येक कंपनीने आपापली जुळणी निराळी ठेवली. ज्या फॉन्टात मजकूर घातला तो फॉन्ट जवळ नसेल, तर त्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उभी राही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा मराठी या स्थितीत होती.

या अडचणीतून सोडवणूक केली ती युनिकोडने. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच भारतीय संकेताच्या धर्तीवर देवनागरीला स्थान मिळाले होते. पण नित्याच्या वापरात तो येण्यास २००० सालानंतरची काही वर्षे जावी लागली. तेव्हापासून पुण्यात लिहिलेले मराठी कलकत्त्यात किंवा शिकागोत कोणताही खास फॉन्ट न मागता वाचता येऊ लागले. मराठीच्या इतिहासात मुद्रणानंतर इतक्या महत्त्वाची घटना दुसरी दाखविता येणार नाही.

मात्र मधल्या दहापंधरा वर्षांत जे पुष्कळसे मराठी लेखन सिद्ध झाले, त्याचे काय, हा प्रश्न उरतो. पुस्तके, नियतकालिके, प्रबंध, कोशांची टाचणे यांच्या संगणकीय प्रती आज जुन्या तबकड्यांवर पडून आहेत. कित्येकांना वाचणारे यंत्र नाही, कित्येकांचा फॉन्ट मिळत नाही. ज्यांचे रूपांतर होते, त्यांतही अक्षरे गळतात व जोडाक्षरे मोडतात. मोडीला अपरिचित व्हायला शंभर वर्षे लागली; हे लेखन एका पिढीच्या आतच मोडीच्या पंक्तीला जाऊन बसले. योगायोग असा की, स्वतः मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडात रीतसर स्थान मिळाले.

४

लाभाची बाजू याहून फार मोठी आहे आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, ही अभ्यासकाच्या दृष्टीने आजही अपरिहार्य आहे. एके काळी ती पाहण्यासाठी मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून प्रसिद्ध झाले. संपूर्ण संच पाहावयास मिळणे भाग्याचे होते. शिकागो विद्यापीठाने हे कोश, तसेच शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा १९९९ मधील प्राचीन मराठीचा कोश, इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा तंजावर येथे बसून मराठीचे काम करणाऱ्याला आज जी सामग्री हाताशी आहे, ती पन्नास वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याच्या प्राध्यापकालाही एका जागी मिळत नव्हती. महाराष्ट्राबाहेरील मराठी अभ्यासकाचे परावलंबन यामुळे पुष्कळसे संपले, हा केवळ सोयीचा भाग नाही. ज्ञानाच्या केंद्रापासून दूर असणे हा आता पूर्वीइतका दोष राहिलेला नाही.

दुसरा लाभ रक्षणाचा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि ग्रंथांची व हस्तलिखितांची नासधूस झाली. एकुलती एक प्रत एकाच कपाटात असणे किती धोक्याचे आहे, हे त्या दिवशी पुन्हा एकदा सिद्ध झाले. छायाप्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येणे ही संगणकाची देणगी या बाबतीत अमूल्य आहे.

त्याच संस्थेचे एक दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिची संहिता जपानचे मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर घातली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती पुन्हा तपासून सुधारली. आज महाभारतातील कोणताही शब्द क्षणात शोधता येतो आणि तो शब्द कोणत्या आवृत्तीतला याविषयी शंका राहत नाही. येथे यंत्राचा वेग फलदायी झाला याचे कारण त्याच्या पाठीशी जवळजवळ अर्धशतकाचे संपादन आणि नंतरची डोळ्यांत तेल घालून केलेली तपासणी होती.

५

शब्द शोधण्याची शक्ती ही संगणकाने साहित्याभ्यासाला दिलेली बहुधा सर्वांत मौलिक देणगी होय. या कल्पनेचा उगम एका धर्मगुरूच्या अभ्यासिकेत आहे. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट विद्वानाला थॉमस अक्वायनस याच्या लेखनातील प्रत्येक शब्दाची सूची करावयाची होती. १९४९ मध्ये त्याने अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीच्या प्रमुखाची भेट घेतली व साहाय्य मिळविले. ती सूची १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापून झाली. यंत्राच्या मदतीनेही तीस वर्षे लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण एकच शब्द वेगवेगळ्या रूपांत आला असता त्याची ओळख पटविण्याचे काम माणसालाच करावे लागले.

मराठीत तर ही ओळख पटविणे अधिकच कठीण आहे. मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. 'देऊळ' शोधणाऱ्याला 'देवळात' सापडत नाही. 'सून' शोधली तर 'सुनेला' निसटते. 'पाणी' आणि 'पाण्याने' यांत यंत्राला फारच थोडे साम्य दिसते. शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिण्याची पद्धत असल्याने 'घरासमोरच्यांनासुद्धा' असा एकच शब्द तयार होतो, आणि त्यातले 'घर' यंत्राला वेगळे काढून दाखवावे लागते. क्रियापदांचा विस्तार याहून मोठा. ही रूपे ओळखणाऱ्या प्रणाली निर्माण झाल्या आहेत. पण त्यांचा पाया आजच्या लेखी मराठीवर घातलेला आहे, ओवी-अभंगांच्या किंवा लीळाचरित्राच्या भाषेवर नव्हे.

शुद्धलेखनाची अडचण याच जातीची. मराठी साहित्य महामंडळाने सुचविलेले नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीचे 'त्यांत', 'घरें', 'केलें' आणि त्यानंतरचे 'त्यात', 'घरे', 'केले' हे वाचकाला एकच वाटतात, यंत्राला मात्र निराळे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो; त्यामुळे इंटरनेटवर निर्वेधपणे ठेवता येणारे मराठी ग्रंथ मुख्यतः जुन्या शुद्धलेखनातले आहेत. म्हणजे जे वाङ्मय सर्वांत मोकळे, तेच शोधायला सर्वांत अवघड, असा हा विपर्यास आहे. तो टाळण्यासाठी अनेक जण जुन्या ग्रंथांतील अनुस्वार काढून ते संगणकावर चढवितात. आणि त्याबरोबर लिंग, वचन व विभक्ती यांची जी खूण त्या टिंबांत होती तीही पुसून टाकतात.

काही अडचणी तर डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने लिहिलेले दुसऱ्याला शोधताना सापडेलच असे नाही. जुन्या फॉन्टातून रूपांतर करताना हा 'र' चुकीचा उतरला, तर स्वयंपाक्याचा गुरू होतो आणि वाक्य वरकरणी शुद्धच राहते. इंग्रजी शब्दांतील 'ॲ' या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये. त्यापूर्वी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिले जाई. आजही दोन्ही रीती चालू आहेत. मुद्रितशोधकाच्या सरावलेल्या डोळ्यालाही न दिसणारा हा पाठभेदाचा नवाच प्रकार होय.

६

छापील पानाचे छायाचित्र घेऊन त्यावरील अक्षरे यंत्राकडून वाचून घेण्याची सोय आता मराठीतही आहे. चांगल्या छपाईचे पान ते यंत्र बऱ्यापैकी वाचते. जुन्या, फिकट, खिळे झिजलेल्या छपाईत मात्र 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ब' आणि 'व' यांची गल्लत होते. 'घन' आणि 'धन' हे दोन्ही शब्द भाषेत आहेत. तेव्हा अशी चूक कोशाच्या साहाय्याने यंत्राला पकडता येत नाही. ती अर्थ जाणणाऱ्या वाचकालाच सापडते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे प्रमाद नवे नाहीत; पोथ्यांच्या लेखनिकांनीही हीच अक्षरे एकमेकांच्या जागी लिहिलेली आहेत. फरक एवढाच की लेखनिकाची चूक एका पोथीत व तिच्या संततीत राही, यंत्राची चूक त्याच दिवशी हजार ठिकाणी जाते.

कर्तृत्वाचा प्रश्नही असाच जुना असून नव्या वेगाने पुढे आला आहे. नामदेवांच्या नावावर चालणाऱ्या गाथेत पुढील काळातील 'नामा' मुद्रेच्या कवींची, विशेषतः सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची, रचना मिसळली; ती वेगळी काढण्यासाठी संशोधकांना मोठे परिश्रम करावे लागले. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, हा स्वतंत्र पुरावा पंजाबकडून मिळाला म्हणून या शोधाला थोडा आधार लाभला. आज कोणाही अज्ञाताची कविता कुसुमाग्रजांच्या किंवा पु. ल. देशपांडे यांच्या नावावर सकाळी निघते आणि संध्याकाळपर्यंत लक्षावधी लोकांनी वाचलेली असते. मिसळण शतकांच्या ऐवजी तासांत होते. निरसन मात्र पूर्वीइतकेच सावकाश होते; कारण त्यासाठी कोणाला तरी ग्रंथालयात जाऊन त्या कवीचे सर्व संग्रह चाळावे लागतात.

ज्ञानेश्वरीच्याच बाबतीत बोलायचे तर तिची संहिता इंटरनेटवर ठिकठिकाणी आहे. ती एकनाथी परंपरेची, राजवाडे प्रतीवरची, की दोहोंच्या मिश्रणातून उतरलेली, हे प्रत्येक ठिकाणी सांगितलेले असतेच असे नाही. जेथे ते सांगितलेले नाही, तेथे सुमारे ९००० ओव्यांतून एक शब्द क्षणार्धात शोधून काढल्याचे समाधान फसवे ठरते. शोधकाला शब्द मिळतो. तो ज्ञानेश्वरांचा की एखाद्या नंतरच्या हाताचा, याचे उत्तर मिळत नाही.

७

भाषांतराच्या क्षेत्रात ही साधने आता शब्द शोधण्यापलीकडे जाऊन स्वतःच मजकूर रचू लागली आहेत. गूगलच्या यांत्रिक भाषांतरात मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. भारत सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम २०२२ मध्ये सुरू झाला. पत्रव्यवहार, सूचना, बातमी यांसाठी ही यंत्रे उपयुक्त आहेत आणि अनुवादकाचा कच्चा खर्डा तयार करण्याचे श्रमही वाचवितात. अपरिचित भाषेतील लेखाचा आशय काय आहे एवढे कळण्यासाठी त्यांचा आधार घेण्यात गैर काही नाही.

वाङ्मयीन भाषांतरात मात्र यांची एक उणीव भारतीय भाषांच्या दृष्टीने विशेष चिंतनीय आहे. दोन भारतीय भाषांमधील भाषांतर अनेक यंत्रे इंग्रजीच्या वाटेने करीत आली आहेत. मराठीत 'आपण' म्हटले म्हणजे ऐकणारा त्यात येतो, 'आम्ही' म्हटले म्हणजे तो बाहेर राहतो. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे', तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्', तेलुगूत 'मनम्' आणि 'मेमु' हाच भेद दाखवितात. इंग्रजीला या दोहोंसाठी एकच शब्द आहे. तेलुगू कथेतील सून सासरच्या माणसांना उद्देशून 'मनम्' न म्हणता 'मेमु' म्हणते, तेव्हा त्या एका सर्वनामात माहेर आणि सासर यांमधील अंतर उभे राहते. मराठी भाषांतरकाराला त्यासाठी काहीच करावे लागत नाही. त्याची भाषा तो भेद आधीच जाणते. तीच कथा इंग्रजीतून फिरून आली की तो भेद वाटेत गळतो आणि मराठीत कोणता शब्द ठेवावा याचा यंत्राला केवळ अंदाज करावा लागतो. शेजारच्या दोन घरांनी एकमेकांशी दूरच्या तिसऱ्या घरामार्फत बोलावे, तशी ही स्थिती आहे. भारतीय भाषांचे परस्परांशी थेट भाषांतर करणाऱ्या यंत्रांवर अलीकडे काम झाले आहे. परंतु अशा यंत्राला शिकविण्यासाठी चांगली, जुळवून लावलेली भाषांतरे लागतात, आणि तेलुगू-मराठी किंवा तमिळ-मराठी अशा जोड्यांत ती इंग्रजीच्या मानाने फार थोडी आहेत.

याहून सूक्ष्म हानी वाक्यरचनेची आहे. 'काल आलेला माणूस' किंवा 'जो माणूस काल आला, तो' ही मराठीची वळणे. 'तो माणूस, जो काल आला' हे परभाषेचे. यंत्राच्या भाषांतरात हे दुसरे वळण वारंवार येते. असा मजकूर इंटरनेटवर प्रसिद्ध होतो आणि पुढील यंत्राच्या शिक्षणाचे साहित्य बनतो. इंग्रजीत मूळ लेखनाचा साठा इतका प्रचंड आहे की त्यात असले पाणी मिसळले तरी एकदम जाणवणार नाही. मराठीचा साठा तुलनेने लहान आहे. तेथे हे चटकन जाणवेल आणि उद्याचा विद्यार्थी त्या रचनेलाच प्रमाण मराठी समजू लागेल. माणसांनी केलेल्या वाईट भाषांतरांनीही मराठीवर असा परिणाम पूर्वी केला आहे, हे खरे. पण त्या भाषांतरांवर नाव असे, आणि टीकाकाराला त्या नावाला जाब विचारता येत असे.

८

या साऱ्याचा निष्कर्ष काय? इंटरनेटवरील मजकूर चिरंजीव असतो अशी एक समजूत आहे. तिला अनुभवाचा आधार नाही. जिओसिटीज या नावाच्या स्थळावर जगभरच्या सामान्य माणसांनी आपली लक्षावधी पाने मांडली होती. २००९ मध्ये मालक कंपनीने ते स्थळ बंद केले. कागदावरचे पुस्तक दुर्लक्षानेही शंभर वर्षे टिकू शकते. संगणकावरील संहितेची सतत काळजी घ्यावी लागते, नव्या यंत्रावर ती वेळोवेळी उतरून घ्यावी लागते. पोथीच्या काळी प्रत जीर्ण झाली की नवी प्रत करीत, आणि प्रत करताना कोणीतरी ती वाचीत असे. या अर्थाने संगणकाने संहितेला छापील पुस्तकापेक्षा पोथीच्या अधिक जवळ नेले आहे: प्रती अनेक, पाठ अस्थिर, लेखनिक अनामिक. पोथीला होता तसा वाचणारा मात्र येथे नाही. यंत्र न वाचताच प्रत करते.

म्हणून आज गरज आहे ती एकनाथांनी केलेल्या कामाची. तिला यंत्रविद्येइतकेच वाङ्मयीन शिस्तीचे अधिष्ठान हवे. संगणकावर चढविलेल्या प्रत्येक ग्रंथाच्या प्रारंभी तो कोणत्या आवृत्तीवरून घेतला, कोणी घेतला, कोणी तपासला आणि शुद्धलेखन बदलले असल्यास काय बदलले, याची नोंद असावी. मूळ पानाचे छायाचित्र अक्षररूपाच्या शेजारी ठेवावे, म्हणजे शंका येताच वाचकाला पडताळा पाहता येईल. शोधाच्या सोयीसाठी आधुनिक शुद्धलेखनाची वेगळी प्रत करावयाची तर करावी, पण मूळ प्रत तशीच राखून. जुन्या फॉन्टांत अडकलेले लेखन, ते वाचू शकणारी यंत्रे व माणसे हयात आहेत तोवर, सोडवून घ्यावे. भारतीय भाषांमधील प्रकाशित भाषांतरे, हक्कधारकांच्या संमतीने, मुळाशी वाक्यावाक्याने जुळवून ठेवावीत. यंत्राला ती गुरुस्थानी होतील आणि भाषांतराच्या अभ्यासकालाही.

ही कामे विद्यापीठांची, साहित्यसंस्थांची आणि अकादमीसारख्या राष्ट्रीय संस्थांची आहेत. त्यांना व्यापारी कंपन्या हात घालतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शंभर खपाच्या पाठचिकित्सेत त्यांना स्वारस्य असण्याचे कारण नाही. संहितेच्या तपासणीला आज विद्यापीठीय व्यवहारात संशोधन म्हणून क्वचितच मान मिळतो. एखाद्या तरुण अभ्यासकाने पाच वर्षे खपून एका गाथेची संगणकीय संहिता शुद्ध केली, तर त्याला प्रबंधाइतके श्रेय मिळेल काय, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निर्णयाचा आनंद महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरही झाला. अभिजातपणाची कसोटी प्राचीन वाङ्मय ही असेल, तर ते वाङ्मय उद्याच्या वाचकाच्या हाती कोणत्या रूपात पडते याची जबाबदारी त्या दर्जाबरोबरच येते. पुढच्या पिढीतील बहुतेक वाचक लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी आणि गाथा प्रथम पडद्यावरच वाचतील. तेथे त्यांना जो शब्द दिसेल तो चक्रधरांचा, ज्ञानदेवांचा आणि तुकोबांचा असावा यासाठी आज कोणाला तरी प्रती समोर घेऊन, ओळीवर बोट ठेवून, एक एक अक्षर ताडून पाहत बसावे लागेल.